पावसाने उघडीप दिली, सायकल काढली आणि साखर उतरली

श्रावणातली झड काय असते, हे जालना जिल्ह्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस आभाळ गळत राहते, कपडे वाळत नाहीत, सकाळचे फिरणे बंद पडते. मग एखाद्या दिवशी पाऊस उघडीप देतो. ऊन पडते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, तूर हिरवीगार दिसते, हवेत गारवा असतो आणि घरात बसवत नाही.

अशाच एका सकाळी माझ्याकडे दहा वर्षे उपचार घेणारे एक रुग्ण सायकलवर राजूरला निघाले. वय एकोणसाठ, मागच्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेले. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण औषधे वेळेवर घेणारे. त्या दिवशी संकष्टी होती. शेजारचे मित्र म्हणाले, "सर, उघडलंय, चला गणपतीला जाऊन येऊ." मुलाची गिअरची सायकल घरात धूळ खात पडली होती. हवा भरली आणि निघाले. निघताना कपभर चहा आणि रोजच्या सकाळच्या गोळ्या घेतल्या, बाकी उपवास.

जालन्यापासून राजूर साधारण पंचवीस किलोमीटर. अंगारकीला लोक रात्रभर चालत जातात, तेव्हा सायकलवर हे अंतर काहीच नाही असे दोघांनाही वाटले. जाणे छान झाले. दर्शन झाले. परतीच्या वाटेवर अकराच्या सुमारास सरांना घाम फुटला. ऊन चढले म्हणून असेल, असे वाटले. थोड्या वेळाने त्यांची सायकल रस्त्याच्या मधे जाऊ लागली. मित्राने हाक मारली तर उत्तर भलतेच. एका फाट्यावरच्या हॉटेलपाशी मित्राने त्यांना उतरवले, बाकड्यावर बसवले आणि हॉटेलवाल्याला सांगितले, "सरांना शुगर आहे, चहा बिनसाखरेचा दे."

हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहितो आहे, कारण या लेखातले सगळे त्यातच आहे. मित्राचा हेतू अगदी चांगला होता. पण त्या क्षणी सरांना ज्या एका गोष्टीची गरज होती, ती चहातून काढून घेतली गेली. जवळ उभ्या असलेल्या आणखी एकाने "शुगर वाढली असेल, गोळी असेल तर द्या" असाही सल्ला दिला. सुदैवाने गोळ्या घरी राहिल्या होत्या. जीपमध्ये घालून दवाखान्यात आणले तेव्हा रक्तातली साखर ३८ होती. सत्तरच्या खाली गेली की आम्ही ती कमी झाली असे म्हणतो. चाळिशीच्या खाली माणूस बेशुद्ध पडू शकतो, झटके येऊ शकतात.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत सर शुद्धीवर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सायकल कुठे आहे. घरच्यांनी मात्र ती सायकल विकून टाकायचे ठरवले होते. मी त्यांना थांबवले. दोष सायकलचा नव्हता.

मांडीचे स्नायू साखर कशी खेचतात

सायकल चालवताना शरीरातले सर्वांत मोठे स्नायू कामाला लागतात, म्हणजे मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे. या स्नायूंमध्ये साखरेचा थोडा साठा असतो. तो वापरायला सुरुवात झाली की ते रक्तातूनही साखर घेऊ लागतात. विशेष म्हणजे आकुंचन पावणाऱ्या स्नायूला साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. काम करणाऱ्या स्नायूच्या पेशी आपली दारे स्वतःच उघडतात. मधुमेहात व्यायाम इतका उपयोगी पडतो तो यामुळेच.

निरोगी माणसात याच वेळी दुसरी व्यवस्था चालू होते. स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. जितकी जाते तितकी येते, म्हणून उपाशीपोटी दोन तास सायकल चालवूनही निरोगी माणूस सहसा पडत नाही, फक्त दमतो.

सरांच्या बाबतीत ही व्यवस्था एका गोळीने अडवून धरली होती. त्यांच्या सकाळच्या गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधे एकत्र होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवला आहात की उपवास केला आहे, खुर्चीत बसला आहात की सायकलवर, हे त्या गोळीला कळत नाही. स्नायू साखर ओढत होते, गोळी इन्सुलिन सोडायला लावत होती, वाढलेले इन्सुलिन यकृताला साखर सोडू देत नव्हते आणि पोटातून काहीच येत नव्हते. पंचवीस किलोमीटर जाईपर्यंत शरीराने कसेबसे निभावले. परतीला शिल्लक संपली.

तुमची गोळी कोणती?

मधुमेहाची सगळी औषधे यात सारखी नाहीत. घरातली गोळ्यांची पाकिटे बाहेर काढा आणि औषधाचे मूळ नाव वाचा. ते ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात असते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल, किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर श्रमाने साखर उतरण्याचा धोका तुम्हाला खराच आहे. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम जास्त काळ रेंगाळतो, म्हणून वयस्कर माणसांना ते द्यायचे आम्ही शक्यतो टाळतो. नुसते मेटफॉर्मिन, किंवा सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या गोळ्यांनी साखर धोकादायकरीत्या खाली जाणे क्वचित घडते.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांची गोष्ट वेगळी आहे. ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर काढतात, तिच्याबरोबर पाणीही जाते. त्यांनी साखर फारशी खाली जात नाही, पण उपवास, घाम आणि कमी पाणी एकत्र आले तर अंगातले पाणी कमी होऊन चक्कर येते. क्वचित रक्तात आम्लही वाढते. या गोळ्या घेणाऱ्याला उपवासाच्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप असा त्रास सुरू झाला तर साखर फार वाढलेली नसली तरी दवाखान्यात जावे. ग्लुकोमीटरवरचा आकडा १८० आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. सायकलवर जायच्या दिवशी मांडीत इंजेक्शन घेऊ नका, पोटावर घ्या. काम करणाऱ्या मांडीत रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि तिथून इन्सुलिन भराभर रक्तात उतरते.

आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. "उपवास आहे म्हणून गोळी घेतली नाही" असे सांगणारे रुग्ण मला दर चतुर्थीला भेटतात आणि त्यांच्यातल्या काहींची साखर साडेतीनशे असते. उपवासाच्या आणि श्रमाच्या दिवशी कोणती गोळी कमी करायची, कोणती पुढे ढकलायची आणि कोणती तशीच ठेवायची, हे आपल्या डॉक्टरांकडून एकदा कागदावर लिहून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही डॉक्टरही ते विचारल्याशिवाय सांगत नाही, ही आमची चूक.

घाम, थरथर आणि भलते बोलणे

साखर उतरू लागली की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवते. घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, एकदम भूक लागते, चिडचिड होते. घोटाळा असा की चढावर सायकल चालवणाऱ्या कोणत्याही माणसाला घाम येतो आणि त्याची छातीही धडधडते. त्यामुळे सायकलवर ही घंटा ऐकूच येत नाही. त्यात मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा येत राहतो. सरांचे नेमके हेच झाले.

साखर आणखी खाली गेली की मेंदूला इंधन पुरत नाही. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ जड होते, तोल जातो, माणूस विसंगत बोलतो, कधी हट्टाला पेटतो. "मला काही झालं नाही, चला" असे म्हणणारा माणूस बरा असेलच असे नाही. अनेकदा लोकांना वाटते की याने घेतली आहे. रस्त्यावर तोंडओळखही नसलेला माणूस असा दिसला तर त्याच्या खिशातल्या कार्डावर मधुमेह लिहिलेले आहे का बघा.

आता त्या बिनसाखरेच्या चहाविषयी. मधुमेही माणसाला घाम, थरथर किंवा गोंधळ झाला आणि ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तर साखर उतरली आहे असे धरूनच चालायचे. समजा अंदाज चुकला आणि साखर खरे तर वाढलेली होती, तर तीन चमचे साखरेने ती थोडी आणखी वाढेल. त्याने त्या तासात काही बिघडत नाही. पण साखर उतरलेली असताना ती दिली नाही तर जीव जाऊ शकतो.

माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल तर पंधरा ग्रॅम साखर द्या. म्हणजे चहाचे तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. आपल्याकडे मोसंबीच्या बागा आहेत, रसवंत्या आहेत, तेव्हा साखर घातलेला मोसंबीचा लहान ग्लासभर रसही चालेल. पंधरा मिनिटे थांबा, साखर तपासा. सत्तरच्या वर गेली नसेल तर पुन्हा तेवढेच द्या. बरे वाटू लागल्यावर बिस्किटे, भाकरी, खिचडी असे काही पोटात जाऊ द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा तेच होते.

पेढा किंवा चॉकलेट हा या वेळचा पहिला पर्याय नाही. दुसरे काहीच नसेल तर प्रसादाचा पेढा जरूर द्या, पण त्यातल्या खव्याच्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. साबुदाण्याच्या खिचडीचेही तेच. ती निघण्यापूर्वी खाल्ली तर उत्तम, चक्कर आल्यावर तिचा उपयोग उशिरा होतो.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. फोनवर "मधुमेह आहे, सायकल चालवत होते, बेशुद्ध आहेत" एवढे स्पष्ट सांगा. येणाऱ्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

सरांना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरी जायचे होते. साखर १६० झाली, आता कशाला ठेवता, असा घरच्यांचाही आग्रह होता. मी सोडले नाही. सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम चोवीस तास टिकू शकतो आणि मूत्रपिंडे थोडी कमकुवत असतील तर त्याहूनही जास्त. शिवाय रिकामे झालेले स्नायू आपला साठा भरून काढण्यासाठी रात्रभर रक्तातून साखर घेत राहतात. संध्याकाळी सातला त्यांची साखर पुन्हा ५८ झाली. घरी असते तर कदाचित ते झोपेत घडले असते. म्हणून जास्त श्रम झालेल्या दिवशी, चक्कर आली नसली तरी, इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी एकदा साखर तपासावी.

निघण्यापूर्वीही तपासा. अशी औषधे घेणाऱ्यांची साखर ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग निघा. अडीचशेच्या वर असेल आणि बरे वाटत नसेल तर त्या दिवशी सायकल नको. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांनी अडीचशेच्या वर साखर असताना लघवीतले कीटोन तपासल्याशिवाय निघू नये.

छातीचा प्रश्न

"डॉक्टर, सायकलने हार्टअटॅक येतो का हो?" हा प्रश्न सरांच्या पत्नीने विचारला. उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

१९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या १,२२८ रुग्णांचा अभ्यास छापून आला. हार्टअटॅक येण्याआधीच्या तासात त्यांनी काय केले होते, हे त्यांना विचारले होते. जोराचे श्रम केल्यानंतरच्या तासाभरात हार्टअटॅकचा धोका वाढतो, असे दिसले. पण किती, हे त्या माणसाच्या सवयीवर अवलंबून होते. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो सुमारे अडीच पट वाढला. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांत शंभर पटींहून जास्त.

शंभर पट ऐकून घाबरू नका. पन्नाशीच्या, एरवी निरोगी पुरुषाला एखाद्या ठरावीक तासात हार्टअटॅक येण्याची शक्यता दहा लाखांत एक एवढी छोटी असते. शंभर पट वाढली तरी ती दहा हजारांत एक होते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू असेल तर मूळ आकडाच मोठा असतो, हे मात्र खरे. उत्तराचा दुसरा भाग असा की हा धोका सायकलने कमीही होतो, फक्त एका दिवसात नाही. वर्षभर बसून राहायचे आणि एका सुंदर सकाळी पन्नास किलोमीटर मारायचे, यात फायद्याआधी धोका पदरात पडतो.

नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोघेही डॉक्टर, दोघेही आपल्यासारखेच महाराष्ट्रात वाढलेले. माझे रुग्ण कधी कधी त्यांचा दाखला देतात. मी त्यांना एवढेच विचारतो की त्या नऊ दिवसांच्या मागे सरावाचे किती महिने असतील.

मधुमेह जुना असेल तर हृदयाच्या वेदना कळवणाऱ्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. अशा माणसाला छातीत दुखतच नाही. नेहमीच्या चढावर एकदम धाप लागणे, थंड घाम, मळमळ, जबडा किंवा डावा हात भरून येणे, सांगता न येणारा थकवा, हीच त्याची छातीदुखी. असे झाले तर "गावापर्यंत पोचू, मग बघू" करू नका. सायकल तिथेच सोडा, बसा, गाडी बोलवा. ॲसिडिटीची गोळी घेऊन पुढे निघालेले लोक मी पाहिले आहेत. त्यातले सगळे परत आले नाहीत.

ज्यांना पूर्वी हार्टअटॅक आला आहे, स्टेंट बसवला आहे, चालताना छाती भरून येते, किंवा चाळिशी उलटली असून दहा वर्षांचा मधुमेह आहे, त्यांनी लांबच्या सायकलीआधी डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि गरज वाटल्यास पुढच्या तपासण्या कराव्यात. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल आणि लेसर व्हायचे असेल तर तेही आधी. बाकीच्यांना हळू सुरुवात करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पाठीवरचा वारा

पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो. मंठ्याच्या किंवा परतूरच्या दिशेने निघालात तर तो पाठीवर असतो आणि पाठीवरचा वारा जाणवत नाही. माणसाला वाटते, आज पाय चांगले चाललेत. परत फिरले की तोच वारा तोंडावर येतो. सायकलवरची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते आणि वेग वाढतो त्यापेक्षा हा विरोध कितीतरी भराभर वाढतो. सपाट रस्त्यावर रमतगमत चालवलेली सायकल भरभर चालण्याएवढे श्रम देते, तर समोरच्या वाऱ्यात तोच वेग टिकवायला गेलात तर जिना धावत चढण्याच्या जवळ जाता. म्हणून नवख्या माणसाने जाताना वारा तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर. झाडांच्या फांद्या कोणीकडे झुकल्यात, एवढे निघताना पाहिले तरी पुरे.

श्रम किती होत आहेत हे ओळखायला मोबाइलची गरज नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. गाणे म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही.

उघडिपीचे ऊन फसवे असते. तापमान अठ्ठावीस-तीस असले तरी हवेत दमटपणा असतो. सायकल चालू असेपर्यंत वाऱ्याने घाम वाळतो आणि किती पाणी गेले ते कळत नाही. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी घ्या. निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी सायकल नकोच, याबाबतीत माझ्याकडे तडजोड नाही. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध असेल तर पाण्याकडे जास्त लक्ष द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणखी एक, उतरतानाचे. सायकल चालू असताना पोटऱ्या आणि मांड्या रक्त वर ढकलत असतात. जोरात चालवून एकदम ब्रेक मारला आणि खाली उभे राहिलात तर रक्त पायांत साचते, डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटची पाच मिनिटे सावकाश चालवा.

बैठक, गुडघे, पावले

सायकल गुडघ्यांना वाईट नाही. शरीराचे वजन बैठकीवर असते, त्यामुळे गुडघे झिजलेल्यांना ती चालण्यापेक्षा सोसते. गुडघा दुखतो तो बहुधा बैठक खाली असल्यामुळे. मुलाची सायकल वडिलांनी घेतली किंवा उलटे झाले तर हे हमखास होते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी बैठक वर घ्या. सीटवर बसून जांघेत मुंग्या आल्या तर दर दहा मिनिटांनी क्षणभर पायडलवर उभे राहा. करंगळी बधिर होत असेल तर हँडलवर हाताची जागा बदला.

चपला घालून लांब जाऊ नका. पावलांना बधिरपणा असेल तर पायडलने सोललेले कळत नाही आणि ओल्या मोज्यात दोन तास राहिलेल्या पायाची जखम चिघळायला वेळ लागत नाही. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या फटी कोरड्या करून, तळवे उजेडात पाहा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्या कोणाला तरी दाखवा.

रस्त्याचे थोडक्यात. उघडीप मिळाली की शेतातले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि त्यांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. ओली असताना तिच्यावर चाक साबणासारखे घसरते. लोखंडाच्या गाड्यांची वर्दळ असलेले रस्ते टाळा, समृद्धी महामार्गावर तर सायकलला मनाईच आहे. हेल्मेट घाला. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारा माणूस डोक्यावर पडला तर खरचटलेले दिसत नसले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. डोक्यात रक्तस्राव सुरू होऊन लक्षणे दिसायला काही तास लागू शकतात. रस्त्यावरच्या जखमेसाठी धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा.

सरांनी पुढे काय केले

दवाखान्यातून जाताना आम्ही तिघांनी, म्हणजे सर, त्यांच्या पत्नी आणि मी, बसून एक कागद लिहिला. ग्लिमेपिराइडची गरज खरेच किती आहे, हे तीन महिन्यांची साखर पाहून तपासले आणि ती गोळी काढून दुसऱ्या प्रकारची दिली. सगळ्यांच्या बाबतीत हे शक्य होत नाही, त्यांच्या बाबतीत झाले. संकष्टीला राजूरला गाडीने जायचे, सायकल उपवास नसलेल्या दिवशी काढायची, असे त्यांच्या पत्नीने ठरवले आणि सरांनी थोडी कुरकुर करून मान्य केले.

पहिले दोन आठवडे वीस मिनिटे, मोती तलावाच्या बाजूला, सपाटीवर. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत. पाऊस लागला की घरात जिन्याच्या पायरीवर चढउतार, म्हणजे सवय मोडत नाही. खिशात तीन गोष्टी: छोट्या पिशवीत बांधलेली साखर, फोन आणि एक कार्ड. त्यावर नाव, मधुमेह असल्याची नोंद, गोळ्यांची नावे, घरचा नंबर आणि मोठ्या अक्षरात "गोंधळलेला दिसलो तर साखर द्या" असे त्यांनी स्वतःच्या सुंदर शाळामास्तरी अक्षरात लिहिले आहे.

मित्रालाही हे सगळे समजावून सांगायला लावले. सोबत येणाऱ्याला माहीत नसेल तर खिशातली साखर खिशातच राहते.

दिवाळीनंतर थंडी पडल्यावर दोघे घाणेवाडीच्या तलावापर्यंत जाऊन आले. निघताना साखर १३२ होती आणि त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली होती. परतताना त्याच सायकलवर दवाखान्यात आले, १२१ चा आकडा दाखवायला. मी त्यांना रात्री झोपताना पुन्हा तपासायला सांगितले. रात्री दहा वाजता फोन आला: ११०.